सही करता येते तोवर: वृद्धापकाळाचा सांभाळ आणि मागे राहणारी मिळकत यांचे नियोजन

माझी आई शिक्षिका होती आणि तिची सही फळ्यावरच्या अक्षरासारखी ठसठशीत होती. स्मृतिभ्रंश सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी त्या सहीतली वेलांटी आधी हरवली, मग आडनाव अर्ध्यावर थांबू लागले, आणि एके दिवशी बँकेच्या खिडकीतून पैसे काढण्याची स्लिप ‘सही जुळत नाही’ या शेऱ्यासह परत आली. तिच्या एकटीच्या नावावर मुदत ठेव होती, घरी चोवीस तासांच्या मावशींचा पगार द्यायचा होता, आणि माझ्या पिशवीत तिने चार वर्षांपूर्वी मला करून दिलेले, तिच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र होते. अधिकाऱ्याने ते वाचले आणि विचारले, “आईंना आज हे सगळे समजते का?” मी खरे ते सांगितले. तेव्हा तो म्हणाला की, तसे असेल तर हा कागद आता चालणार नाही. मला त्या क्षणी फार राग आला. पण तो अधिकारी कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता.

आपल्याकडे मिळकतीचे नियोजन म्हटले की, मृत्युपत्राचा विचार होतो. मृत्युपत्र मात्र माणूस गेल्यानंतरच बोलू लागते. माणूस हयात आहे, पण त्याला सही करता येत नाही, समजत नाही, उठता येत नाही, असा काळ मध्ये येतो; तो कित्येक घरांत पाच-सात वर्षे चालतो आणि त्या काळासाठी आपल्या कायद्यात फारशी सोय नाही. म्हणून या लेखातील पायऱ्या त्या मधल्या काळापासून सुरू होतात. साठीच्या आसपास, प्रकृती ठणठणीत असताना यातील बहुतेक कामे होऊ शकतात.

पहिली पायरी: काय आहे आणि कोणाच्या नावावर आहे

एक दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक मिळकतीला एक पान द्यावे. घराच्या पानावर करारनामा कोणाच्या नावे आहे, सोसायटीच्या भागपत्रावर पहिले नाव कोणाचे आहे, नामनिर्देशन सोसायटीच्या दप्तरात नोंदलेले आहे का आणि कर्ज फिटले असल्यास बँकेकडून मूळ कागद परत आले आहेत का, हे लिहावे. गावाकडच्या जमिनीसाठी ताजा सातबारा आणि आठ-अ काढावा. आजोबांचे नाव अजून उताऱ्यावर असलेली घरे महाराष्ट्रात इतकी आहेत की, राज्य शासनाला २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. वारस नोंद राहिली असेल तर ती वडिलांच्या पिढीने हयातीत उरकावी, कारण पिढी सरकली की वारसांची संख्या चौपट होते आणि त्यांतले निम्मे परगावी किंवा परदेशी असतात.

त्यानंतर बँक खाती, ठेवी, टपाल खात्यातील योजना, म्युच्युअल फंड, डिमॅट, विमा, भविष्य निर्वाह निधी, लॉकर आणि कोणाला हातउसने दिलेले पैसे, असे सारे त्या वहीत यावे. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीकडे जातात. त्या वारसांना परत मिळवता येतात आणि शोधण्यासाठी ‘उद्गम’ हे पोर्टलही आहे. पण बँकेचे नावच ठाऊक नसेल तर शोध फार लांबतो. पासवर्ड मात्र वहीत लिहू नयेत. ते बंद पाकिटात वेगळे ठेवावेत.

दुसरी पायरी: सांभाळाला किती पैसा लागेल

हा हिशेब बहुतेक कुटुंबे करत नाहीत, कारण तो करणे म्हणजे अशुभ बोलणे असे वाटते. आपण तो आकड्यांतच करू. समजा, शुश्रूषेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशींचा पगार, डायपर, औषधे, फिजिओथेरपी आणि डॉक्टरांच्या घरभेटी मिळून आज महिन्याला ४५,००० रुपये लागतात. वर्षाला ते ५ लाख ४० हजार झाले. सहा वर्षांचा काळ धरला आणि खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असे मानले, तर एकूण आकडा सुमारे ४० लाखांवर जातो. घरखर्च यात धरलेलाच नाही. तुमच्या शहरातील दर वेगळे असतील. दोन ब्युरोंना आणि एका वृद्धसेवा केंद्राला फोन करून आजचे दर विचारावेत आणि हाच हिशेब स्वतःच्या आकड्यांनी मांडावा.

आरोग्य विमा हा खर्च उचलेल, असा अनेकांचा समज असतो. नेहमीची पॉलिसी मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देते. महिनोन्‌महिने घरी किंवा संस्थेत होणारी शुश्रूषा ती भरून देत नाही. तरीही पॉलिसी हवीच, कारण मांडीचे हाड मोडल्यावरच्या एका शस्त्रक्रियेत शुश्रूषेसाठी राखलेली रक्कम संपू शकते. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, काहीही लपवू नये. दावा नाकारला जाण्याचे ते हमखास कारण असते. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्याचे कार्ड आधीच काढून ठेवावे आणि आपल्या भागातली कोणती रुग्णालये त्यात आहेत, हेही पाहून ठेवावे.

नियमित उत्पन्नासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना हा माझ्या मते पहिला पर्याय आहे. तीत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत गुंतवता येतात, मुदत पाच वर्षांची असते, गुंतवणुकीच्या वेळचा दर त्या मुदतीपुरता कायम राहतो आणि व्याज दर तिमाहीला मिळते. दर ८.२ टक्के धरला तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये पडतात. पती-पत्नी दोघांच्या नावे स्वतंत्र खाती काढता येतात. उरलेल्या ठेवी एकाच बँकेत ठेवू नयेत, कारण ठेव विम्याचे संरक्षण दर बँकेमागे दर ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपुरतेच आहे, आणि सहकारी बँकांवर निर्बंध आल्यावर ज्येष्ठांची काय दैना होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. चालू वर्षाचा शुश्रूषेचा खर्च सहज मोडता येईल अशा ठेवीत असावा आणि ती ठेव दोघांच्या नावाने असावी.

घर मोठे आणि रोकड थोडी, अशी स्थिती असेल तर लहान घरात जाण्याचा निर्णय हातपाय चालत असतानाच घ्यावा. घर तारण ठेवून दरमहा रक्कम देणारी, रिव्हर्स मॉर्गेज म्हणून ओळखली जाणारी योजना आपल्याकडे २००७ पासून आहे. पण ती फारशी रुजली नाही आणि कोणत्याही शाखेत सहज मिळेल, असे समजून नियोजन करू नये.

तिसरी पायरी: सही थांबल्यावर व्यवहार कसे चालतील

आता त्या कुलमुखत्यारपत्राकडे वळू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र करून देणारा मरण पावला किंवा त्याची समज हरपली की, मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत समज हरपल्यानंतरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे तशी सर्वसाधारण तरतूद नाही. म्हणजे शरीर थकले आहे, पण डोके शाबूत आहे, तोवर हा कागद उपयोगाचा आहे. पक्षाघाताने हात गेला, परगावी जाता येत नाही, रांगेत उभे राहवत नाही, अशा वेळी तो अवश्य करावा; त्यात कोणते व्यवहार करायचे ते नेमके लिहावे, घर विकण्याचा अधिकार गरज नसेल तर देऊ नये आणि दस्त नोंदणीकृत करावा. स्मृतिभ्रंशाच्या काळासाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नये.

मग भरवसा कशाचा? पहिला आधार संयुक्त खात्याचा. निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या खात्यावर आणि मुदत ठेवींवर जोडीदाराचे किंवा विश्वासातल्या मुलामुलीचे नाव घालून व्यवहाराचा प्रकार ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असा नोंदवून घ्यावा. मुदत ठेवीच्या बाबतीत मुदतीपूर्वी मोडण्यासाठी दोघांचीही सही लागेल का, हे शाखेत लेखी विचारावे आणि हयात खातेदाराला ठेव मोडता यावी अशी संमती ठेव ठेवतानाच द्यावी. मी नेमके हेच केले नव्हते. दुसऱ्या धारकाचे नाव म्हणजे त्याची मालकी नव्हे, हेही घरात सर्वांना स्पष्ट सांगावे, म्हणजे पुढे भावंडांत ‘तुझ्या नावावर होते’ हा वाद उठत नाही.

आजारपणामुळे सही करता येत नाही, पण समज आहे, अशा खातेदाराला बँकेने परत पाठवू नये यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ओळखीने घेता येतो आणि त्या साक्षीदारांपैकी एक जबाबदार बँक अधिकारी असावा लागतो. सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच सेवा देण्याच्या सूचनाही आहेत. हा नियम सांगितल्यावर बहुतेक शाखा वाटेवर येतात. विनंती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

मिळकत मोठी असेल, किंवा मुलांपैकी कोणी स्वतः व्यवहार सांभाळू शकणार नसेल, तर खासगी कौटुंबिक विश्वस्त निधीचा विचार करावा. भारतीय न्यास कायदा, १८८२ खाली केलेल्या अशा निधीत मिळकत विश्वस्तांच्या हाती जाते, त्यामुळे निधी स्थापन करणाऱ्याची समज गेली तरी कारभार थांबत नाही. गुंतवणुकी त्यात वर्ग करणे सोपे असते. स्थावर मिळकत वर्ग करताना मुद्रांक शुल्क किती पडेल, हे वकिलाकडून आधी काढून घ्यावे.

यांपैकी काहीच केले नसेल आणि समज हरपली असेल, तर उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. कोमात असलेल्या किंवा स्मृतिभ्रंशाने पूर्ण परावलंबी झालेल्या व्यक्तीसाठी कुटुंबीयांना मुंबई उच्च न्यायालयात पालक म्हणून नेमणूक मागता येते. त्यासाठी वैद्यकीय अहवाल, मिळकतीची संपूर्ण यादी, इतर वारसांची संमती आणि पैशाची गरज कशासाठी आहे याचा तपशील लागतो. आम्ही शेवटी याच वाटेने गेलो. नेमणूक मिळाली, पण तोपर्यंतचे सगळे पगार आणि औषधे भावाच्या व माझ्या खिशातून गेली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली नेमलेला प्रतिनिधी उपचारांबाबत मदत करू शकतो. मिळकतीवर त्याला अधिकार मिळत नाही, हा फरक ध्यानात ठेवावा.

चौथी पायरी: उपचार कुठवर, हे आपणच लिहून ठेवणे

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून ४२ वर्षे अचेत पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने हा प्रश्न देशापुढे आणला. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता अठरा वर्षांवरील कोणतीही सुजाण व्यक्ती दोन साक्षीदारांसमक्ष सही करून आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून असे पत्र करू शकते. बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कृत्रिम श्वसन, नळीने अन्न, हृदय पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न यांपैकी काय नको, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा अधिक जवळच्या व्यक्तींची नावे त्यात द्यावीत.

त्याच्या प्रती त्या व्यक्तींना, कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे अशी पत्रे जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्याव्यात. महाराष्ट्रात असे अभिरक्षक नेमले गेले, त्यामागे मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दिलेला लढा आहे. प्रत्यक्ष वेळ आली की, रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे, प्रत्येकी तीन डॉक्टरांची, निर्णय तपासतात. त्यामुळे पत्र केले म्हणून कोणी घाईने उपचार थांबवील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. माझा अनुभव उलट आहे. पत्र नसले की, अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांवर तो निर्णय येऊन पडतो, आणि त्यांच्यात एकमत नसेल तर ती जखम आईवडील गेल्यावरही भरत नाही.

पाचवी पायरी: मृत्युपत्र

मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. ‘माझ्यामागे सगळे हिचेच आहे’ असे म्हणणाऱ्या दोन मुलांच्या बापाची आई हयात नसेल, तर पत्नीला प्रत्यक्षात एक तृतीयांश वाटा मिळतो. स्त्रियांच्या बाबतीत नियम आणखी वेगळा आहे. निपुत्रिक विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेले घरही, मृत्युपत्र नसेल तर, तिच्या भावाबहिणींकडे न जाता आधी पतीच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर नोकरी करून भाच्यांना सांभाळणारी एखादी आत्या किंवा मावशी तुमच्या घरात असेल, तर तिला हे आजच सांगा.

आपल्या मालकीचे जे आहे तेवढेच मृत्युपत्राने देता येते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे; हिंदू वारसा कायद्यातील २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा प्रकरणातील ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी त्याबद्दल शंका ठेवलेली नाही. तिथे फक्त स्वतःच्या हिश्शाची वाटणी लिहावी.

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, स्वहस्ते किंवा टंकलिखित चालते. त्याला मुद्रांक लागत नाही. करणाऱ्याने सही करावी आणि किमान दोन साक्षीदारांनी, ती सही होताना पाहून किंवा करणाऱ्याकडून तशी कबुली ऐकून, त्याच्या समक्ष स्वतःच्या सह्या कराव्यात. साक्षीदार निवडण्यात लोक चुकतात. मृत्युपत्राचा वाद न्यायालयात गेला, तर हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला साक्षीसाठी उभे राहावे लागते. म्हणून पंच्याहत्तरीच्या मित्रापेक्षा पंचेचाळिशीचा शेजारी किंवा कुटुंबाचा डॉक्टर बरा. ज्याला काही मिळणार आहे तो आणि त्याचा जोडीदार साक्षीदार नसावेत. हिंदूंच्या मृत्युपत्रात असे झाल्याने ती देणगी आपोआप रद्द होत नसली तरी संशयाला जागा राहते.

मजकुरात मिळकतीचे वर्णन करारनाम्यावरून उतरवावे: इमारत, सदनिका क्रमांक, क्षेत्रफळ, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक. प्रत्येक वारसाचे पूर्ण नाव व नाते लिहावे. तो आपल्याआधी वारला तर त्याचा वाटा कोणाला, हे लिहावे. शेवटी ‘वर उल्लेख न केलेली व यापुढे मला प्राप्त होणारी सर्व मिळकत अमुक यांना मिळावी’ असे एक वाक्य असलेच पाहिजे, नाहीतर पुढे काढलेल्या एका ठेवीसाठी वारसांना न्यायालयात जावे लागू शकते. एखाद्या मुलाला कमी किंवा काहीच द्यायचे नसेल, तर त्याचे नाव वगळू नये; कारण लिहावे, आणि ते शांत शब्दांत लिहावे. पत्नीला घरात केवळ तहहयात राहण्याचा हक्क देऊन मालकी मुलांना देण्याची पद्धत आहे, पण तिच्या पोटगीच्या हक्कापोटी तो दिला असे ठरले, तर तो पूर्ण मालकीत बदलतो की नाही यावर दशकानुदशके वाद झालेले आहेत. मला विचाराल तर घर पत्नीला पूर्ण मालकीने द्यावे आणि पुढचे तिला ठरवू द्यावे. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेमावा, आणि शक्यतो वयाने लहान नेमावा.

नोंदणी सक्तीची नाही. तरी ती करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण दुय्यम निबंधकासमोर छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो आणि मूळ कागद हरवला तरी नक्कल मिळते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी निबंधकाने घरी येण्याची तरतूद नोंदणी कायद्यात आहे. वय सत्तरीपुढे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून ‘तपासणीअंती ही व्यक्ती सुजाण असून मजकूर समजून सही करत आहे’ असे प्रमाणपत्र घेऊन ते सोबत जोडावे. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. लहान बदलासाठी पुरवणी पुरते, मोठ्यासाठी नवे करावे आणि त्यात आधीचे रद्द केल्याचे लिहावे. मुंबईतील मिळकतीसाठी अनेक दशके असलेली प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय वारसा कायद्याचे कलम २१३ वगळून काढून टाकली आहे. वाद असेल तर प्रोबेट घेणे मात्र आजही शहाणपणाचे ठरते.

हे सर्व हिंदू कुटुंबांविषयी झाले. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय मिळकतीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात सर्व धर्मीयांना एकच कायदा लागू आहे. तिथे मिळकतीचा अर्धा भाग मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव असतो आणि लग्नानंतरची मिळकत सर्वसाधारणपणे पती-पत्नीची सामाईक धरली जाते. पेडण्यात घर आणि पुण्यात सदनिका असलेल्यांनी म्हणून गोव्यातल्या वकिलाचा स्वतंत्र सल्ला घ्यावा.

सहावी पायरी: नामनिर्देशन मृत्युपत्राशी जुळवणे

नामनिर्देशित व्यक्ती ही सर्वसाधारणपणे रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. गृहनिर्माण सोसायटीतही नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंतची तात्पुरती सदस्य असते. आयुर्विम्यात आईवडील, जोडीदार किंवा मुले नामनिर्देशित असतील तर विमा कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने त्यांना लाभाचा हक्क दिलेला आहे. बँक ठेवींवर नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात आणि प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो. वहीतील प्रत्येक पान उघडून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात का, हे पडताळावे. लग्नाआधीच्या पॉलिसीवर अजून वडिलांचे नाव असणे, ही अगदी घरोघरी सापडणारी चूक आहे.

सातवी पायरी: हयातीत घर नावावर करून देण्याआधी

महाराष्ट्रात निवासी घर मुलगा, मुलगी, पती, पत्नी किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, त्यावर स्थानिक अधिभार लागतो. स्वस्त म्हणून अनेक आईवडील हा दस्त करतात. मी त्यांना हात जोडून सांगते की, राहते घर शक्यतो देऊ नका. बक्षीसपत्र एकदा झाले की सहसा मागे घेता येत नाही. द्यायचेच असेल तर दस्तातच ‘देणाऱ्याचा सांभाळ, औषधोपचार व याच घरात तहहयात निवास ही या बक्षिसाची अट आहे’ असे लिहावे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७ च्या कलम २३ खाली सांभाळाची अट मोडल्यास हस्तांतर रद्द करता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला असला, तरी २०२२ च्या निकालात अट सिद्ध न झाल्याने दाद मिळाली नव्हती. याच कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्यासाठी अर्ज करता येतो. मदतीसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

विशेष मूल आणि परदेशातली मुले

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे अठरावे वर्ष उलटले की, आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हा पातळीवरील समितीकडून पालकत्व घ्यावे, आणि मृत्युपत्रात त्याचा वाटा थेट त्याच्या नावे न देता विश्वस्त निधीकडे द्यावा.

मुले परदेशी असतील तर वारसाहक्काने त्यांना शेतजमीनही मिळू शकते, विकत मात्र घेता येत नाही. वारशाची रक्कम अनिवासी साध्या (एनआरओ) खात्यातून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. भारतात वारसा कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द झाली. वारशाने आलेले घर विकल्यावर भांडवली नफ्यावर कर लागतो आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे मूळ मालकाची खरेदी किंमत धरली जाते, म्हणून वडिलांच्या खरेदीखताचा कागद जपून ठेवावा.

शेवटची पायरी: कागद कुठे आहेत, हे कोणाला ठाऊक आहे

मृत्युपत्र स्वतःच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण तो उघडण्यासाठीच कागद लागतात. बंद पाकिटात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे. नाहीतर व्यवस्थापकाकडे एक प्रत द्यावी.

मृत्यूनंतर दाखल्याच्या किमान दहा प्रती काढाव्यात. निवृत्तिवेतनाच्या कार्यालयाला आणि बँकेला लगेच कळवावे, म्हणजे पुढे वसुली निघत नाही. गेलेल्या व्यक्तीचे एटीएम कार्ड वापरू नये. हेतू चांगला असला तरी तो पुढे आरोपाचा विषय होतो. सातबाऱ्यावरील वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा. मृत्युपत्र आणि नामनिर्देशन दोन्ही नसतील, तर मोठ्या रकमेच्या ठेवी व शेअर्ससाठी न्यायालयाकडून वारसा प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि स्थावरासाठी महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा वारस दाखला आजही मागितला जातो. त्या वर्षाचे प्राप्तिकर विवरणपत्र वारसाने भरायचे असते.

आमच्या घरी ती दोनशे पानी वही आता माझ्या नावाची आहे. दरवर्षी नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देण्याच्या आठवड्यात, मी आणि माझी मुलगी जेवणाच्या टेबलावर ती उघडतो, बदललेले खोडतो, नवे लिहितो आणि पानाच्या तळाशी तारीख घालून दोघी सही करतो.